चीत म्हणजे काय? : कुस्तीच्या काही पद्धतींचा तौलनिक विचार

रायपूर आणि एकूणच छत्तीसगढच्या मुलखात नागपंचमीला कुस्त्या लावण्याची प्रथा आहे. त्या मेळाव्याला तेथील हिंदीत ‘दंगल’ म्हणतात. बिंबाजी भोसले १७५८च्या सुमारास रतनपूरच्या गादीवर आले, तेव्हापासून या प्रदेशाचा मराठीशी संबंध जडला. आता नवा रायपूर येथे राजधानीचे नवे नगर उभे राहिले असले, तरी जुन्या रायपुरात मराठी समाज आजही नांदतो. पुण्याकोल्हापुराकडून तेथे गेलेल्या मराठी माणसाला भिंतीवरची ‘विशाल दंगल’ ही अक्षरे प्रथमदर्शनी दचकवतात, कारण त्याच्या बोलीत दंगल म्हणजे दगडफेक, जाळपोळ आणि संचारबंदी. मूळ फारसी शब्दात जमाव व मल्लांचे रिंगण या दोन्ही छटा आहेत. हिंदीने रिंगण घेतले आणि प्रमाण मराठीने बिथरलेला जमाव घेतला. विदर्भात, खानदेशात व मराठवाड्यात मात्र ‘कुस्त्यांची दंगल’ हा प्रयोग सर्रास चालतो. म्हणजे या शब्दाची सीमा नागपूर आणि रायपूर यांच्यामधून जात नसून ती महाराष्ट्राच्या पोटातूनच गेलेली आहे. दक्षिण महाराष्ट्रात ‘फड’ किंवा ‘मैदान’ म्हणतात.

कुस्तीची मराठी परिभाषा बहुतांशी अशीच परभाषांच्या सांध्यावर उभी आहे. पैलवान फारसी आहे. वस्ताद हा फारसी उस्तादाचा मराठी अवतार, तालीम अरबीतून फारसीमार्गे आलेली, आणि खुराकही फारसीच. खुद्द ‘कुस्ती’ या शब्दाचा संबंध अभ्यासक कंबरपट्ट्याच्या अर्थाच्या जुन्या इराणी शब्दाशी जोडतात. पारशी लोक कमरेला जे पवित्र सूत्र बांधतात त्यालाही कुस्तीच म्हणतात, हा केवळ योगायोग नव्हे. मारणे या अर्थाच्या फारसी क्रियापदाशी हा शब्द जोडण्याची लोकरीत आकर्षक आहे, पण ती ग्राह्य मानण्याचे कारण दिसत नाही. ज्याला धरून झुंजायचे तो पट्टा हे या नावाचे मूळ मानले, तर पकडीवर आधारलेल्या विद्येला ते अधिक शोभते.

संस्थांची आणि माणसांची नावे अशी बाहेरून आली. डावांच्या नावांचे चित्र थोडे वेगळे आहे. धोबीपछाड, मोळी, मच्छीगोता, गदालोट, एकेरी पट, दुहेरी पट, ढाक, घिस्सा, कलाजंग, भारंदाज या नावांतील पहिली चार उच्चारताच एकेक दृश्य उभे राहते. धोबी कपडा डोक्यावरून फिरवून दगडावर आपटतो; लाकूडतोड्या मोळी आवळतो; मासा पाण्यात सूर मारतो. जपानी जूदोतील नावांची घडण याहून निराळी आहे. ‘ओ-सोतो-गारी’ या नावाचे मराठी केले तर ‘मोठी बाहेरची कापणी’ असे काहीसे होईल. पाय कोणत्या बाजूने, कसा काढायचा हे नावातच सांगितलेले असते. एक परिभाषा उपमेने शिकवते, दुसरी वर्णनाने. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही शाळा स्थापली आणि जुन्या जुजुत्सूतील डावांची वर्गवारी केली. तेव्हा त्यांच्यापुढे पाठ्यक्रमाची गरज होती. तालमीतल्या वस्तादापुढे ती नव्हती. शिष्य हौदात उभा होता आणि डाव अंगाने दाखवायचा होता.

कुस्तीच्या निरनिराळ्या पद्धतींची तुलना सामान्यतः डावांच्या आधारे केली जाते: अमुक पद्धतीत पायांना हात लावता येतो, तमुक पद्धतीत येत नाही, येथे अंगरखा धरतात, तेथे जांघेवरचा लंगोट. ही तुलना खोटी नाही, पण ती फार पुढे नेत नाही. मानवी शरीराला सांधे तेवढेच, त्याचा तोल जाण्याच्या दिशा त्याच. त्यामुळे डावांचे साम्य सर्वत्र आढळणारच. धोबीपछाड आणि जूदोतील ‘सेओइ-नागे’ हे दुरून पाहणाऱ्याला एकच वाटतील. खरा भेद दुसरीकडे आहे: माणूस हरला असे केव्हा म्हणायचे? या एका प्रश्नाला प्रत्येक पद्धतीने दिलेले उत्तर निराळे आहे. तिची भूमी, तिचा पोशाख, तिचा कालावधी, इतकेच काय तिचे सौंदर्यही त्या उत्तरातून निघाले आहे.

मराठी कुस्तीचे उत्तर एका शब्दात आहे: चीत. दोन्ही खांदे मातीला टेकले की लढत संपली. ‘चारी मुंड्या चीत’, ‘आस्मान दाखवणे’, ‘पाठीला माती लागणे’ हे वाक्प्रचार राजकारणाच्या बातम्यांत झिजून गुळगुळीत झाले असले, तरी मुळात ते नियमाचे शब्द आहेत. या नियमाचा पहिला परिणाम असा, की मराठी पैलवानाची पाठ हे त्याचे मर्मस्थान ठरते आणि पोट हे त्याचे आश्रयस्थान. संकटात सापडलेला मल्ल पालथा होतो, हातपाय पसरून मातीला चिकटतो. वरचा मल्ल त्याला उलटवण्यासाठी घिस्सा ओढतो, भारंदाज मारतो, मोळी बांधतो. खालच्या झुंजीची सारी रचना या एका उलटवण्याभोवती फिरते. फेकीला स्वतंत्र मोल नाही. कितीही देखणी ढाक मारली आणि प्रतिस्पर्धी कुशीवर पडून पालथा झाला, तर प्रेक्षक टाळ्या वाजवतील, पण कुस्ती चालूच राहील. उलट जूदोत वेगाने, जोराने आणि पाठीवर पडेल अशी केलेली फेक हीच परिपूर्ण; ‘इप्पोन’ पुकारला की सामना संपतो, मग पडलेला पुढच्या क्षणी उठून उभा राहिला तरी. त्याखेरीज पाठीवर वीस सेकंद दाबून धरणे, गळा आवळणे किंवा कोपराचा सांधा ताणून शरण आणणे हेही तेथे विजयाचे मार्ग आहेत. गळा आवळणे व सांधा मोडण्याइतका ताणणे कुस्तीत निषिद्ध.

याच जूदोची एक शाखा समुद्रापार गेली तेव्हा या उत्तराने आणखी एक वळण घेतले. कोदोकानचे मित्सुयो माएदा ब्राझीलमध्ये स्थायिक झाले आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी बेलें शहरात ग्रेसी घराण्यातील तरुणाला शिकवले. त्या शिकवणीतून ब्राझिलियन जुजुत्सू वाढले. त्यात पराभव म्हणजे शरणागती: हाताने थाप मारून ‘पुरे’ म्हणणे. खांदे टेकण्याला काही अर्थ उरला नाही, आणि म्हणून पाठीवर पडलेला मनुष्य दोन्ही पायांनी वरच्याची कंबर कवळून तेथूनच हल्ला करू लागला. कोल्हापूरच्या आखाड्यात ज्या क्षणी हलगी थांबते आणि विजेत्याला खांद्यावर घेतात, त्याच क्षणी या विद्येतील एक मोठे प्रकरण सुरू होते. शरीरस्थिती एकच असून एका भाषेत तिचा अर्थ अंत होतो आणि दुसरीत आरंभ. वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही गोष्ट परकी वाटू नये. संकेताखेरीज चिन्हाला अर्थ नसतो हे त्याला अन्य वाटेने ठाऊक असतेच.

पालथे पडण्याचा आश्रय किती दूर नेता येतो याचे इतिहासप्रसिद्ध उदाहरण १९१० मधील आहे. त्या वर्षी १० सप्टेंबरला लंडनमध्ये गामा पैलवान आणि पोलंडचा स्टॅनिस्लाव झ्बिश्को यांची लढत झाली. झ्बिश्को वजनाने गामापेक्षा बराच भारी होता. गामाचा वेग पाहताच तो गादीवर पालथा झाला आणि अडीच तासांहून अधिक काळ चाललेल्या त्या लढतीचा फार मोठा भाग त्याच अवस्थेत गेला. कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने ठरलेल्या फेरलढतीस झ्बिश्को आलाच नाही. १९२८ मध्ये पतियाळा येथे दोघे पुन्हा भेटले. या वेळी भूमी मातीची होती, आणि गामाने त्याला एका मिनिटाच्या आत चीत केले. देशी लेखनात ही कथा शौर्याची म्हणून येते. तुलनेच्या दृष्टीने तिचे महत्त्व वेगळे आहे. झ्बिश्कोने लंडनला नियम मोडला नव्हता. त्याने नियमाचे टोक गाठले होते. चीत हाच पराभव असेल आणि घड्याळ नसेल, तर न हरणारा मनुष्य जवळजवळ अजिंक्य असतो. आंतरराष्ट्रीय कुस्तीत निष्क्रिय मल्लाला ताकीद देण्याचे आणि गुणदानाचे जे नियम पुढे वाढत गेले, ते याच पेचावरचे उपाय होत.

माती येथे केवळ पार्श्वभूमी नाही. तालमीच्या हौदात लाल माती चाळून, त्यात तेल, ताक, हळद घालून ती मऊ ठेवतात. मल्ल सलामीआधी प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर माती टाकतो. घामाने निसटणारी पकड त्यामुळे टिकते. तुर्कस्तानात एदिर्ने येथील कर्कपनारच्या मैदानात याच्या नेमके उलट करतात: मल्ल कातडी चोळणा घालून अंगभर तेल ओततात आणि पकड निसटेल अशीच योजना करतात. तरीही पराभवाचा त्यांचा वाक्प्रचार मराठीच्या फार जवळचा आहे. ज्याच्या बेंबीने तारे पाहिले तो हरला, असे ते म्हणतात. आस्मान दाखवणे आणि तारे दाखवणे यांत कोणी कोणाचे उसने घेतले हे शोधण्याचे कारण नाही. उताण्या पडलेल्या माणसाला दुसरे काय दिसणार? १९७५ पर्यंत या तुर्की लढतींनाही कालमर्यादा नव्हती. स्वित्झर्लंडच्या खेड्यांतील कुस्तीत भुशावर झुंजतात, आणि प्रतिस्पर्ध्याला चीत केलेला मल्ल त्याला उठवून त्याच्या पाठीवरचा भुसा स्वतःच्या हाताने झाडतो. पाठीला लागलेली माती हा कलंक मानणाऱ्या आणि तो जन्मभर आठवणाऱ्या आपल्या फडांच्या संस्कृतीपुढे ही रीत ठेवून पाहण्याजोगी आहे.

भारतातही सर्वत्र चीतच मानली जाते असे नाही. मिझोरमच्या ‘इन्बुआन’ या प्रकारात प्रतिस्पर्ध्याला उचलून त्याचे पाय जमिनीवरून सुटले की विजय मिळतो. गुडघे वाकवण्यास आणि वर्तुळाबाहेर जाण्यास मनाई असते. नागा टोळ्यांच्या कुस्तीत गुडघ्याच्या वरचा कोणताही भाग जमिनीला लागला की पाडाव झाला. म्हैसूरच्या दसऱ्यात जेट्टी मल्ल मुठीत शस्त्र धरून वज्रमुष्टीची झुंज खेळतात. डोक्यातून रक्ताचा पहिला थेंब दिसला की ती थांबते. मातीला लागणे, मातीपासून सुटणे आणि रक्त सांडणे, ही तीन उत्तरे एकाच देशात नांदतात.

हे जेट्टी म्हणजे संस्कृतातील ज्येष्ठी. त्यांच्याच मोढेरा भागातील शाखेचा ग्रंथ ‘मल्लपुराण’ हा होय. भोगीलाल सांडेसरा आणि रमणलाल मेहता यांनी त्याचे संपादन केले आणि १९६४ मध्ये बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने तो गायकवाड ग्रंथमालेत प्रसिद्ध केला. बडोद्याचे नाव येथे सहज आलेले नाही. गायकवाडांच्या त्या मराठी राजधानीत ज्येष्ठी मल्लांना आश्रय होता, आणि दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांचा दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ही तेथूनच मराठीत आला. त्याआधीचे मोठे साधन म्हणजे कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’. इसवी सन ११२९च्या सुमाराच्या या विश्वकोशवजा ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मल्लविनोदाला स्थान आहे. मल्लांच्या ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक आणि गोवल या प्रती, वजनाचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पोहण्याचा सलिलश्रम, खांबावरचा स्तंभश्रम अशी व्यायामाची वर्गवारी तेथे आढळते. स्तंभश्रमात मराठी मल्लखांबाचे पूर्वरूप पाहण्याचा मोह अनेकांना झाला आहे आणि तो अगदी अनाठायी म्हणता येणार नाही. पेशवाईच्या अखेरीस बाळंभट देवधरांच्या नावाशी जो मल्लखांब निगडित आहे, त्याच्यापर्यंतची साखळी मात्र सलग दाखवणे कठीण.

महाकाव्यांकडे वळले की अनुवादकाची खरी अडचण सुरू होते. नियुद्ध, बाहुयुद्ध, मल्लयुद्ध या तिन्ही शब्दांना मराठी भाषांतरांत बहुधा ‘कुस्ती’ हा एकच प्रतिशब्द मिळतो. सभापर्वात भीम आणि जरासंध कार्तिकाच्या प्रतिपदेपासून त्रयोदशीपर्यंत झुंजतात आणि शेवट जरासंधाच्या मृत्यूने होतो. विराटपर्वातील बल्लव आणि जीमूत यांची झुंज उत्सवातील, राजाच्या करमणुकीची. तरी तिचाही अंत मृत्यूच. कृष्ण आणि चाणूर यांचेही तेच. या झुंजींत खांदे टेकण्याला काही किंमत नाही. त्यांना कुस्ती म्हणताच वाचकाच्या मनात हौद, पंच आणि हार मान्य करून फेटा बांधून घरी जाणारा मल्ल उभा राहतो, आणि मूळातील भय निघून जाते. महाभारताच्या प्रचलित पाठात येणाऱ्या पृष्ठभंग, तृणपीड यांसारख्या संज्ञांचे आजच्या डावांशी समीकरण मांडण्याचे प्रयत्नही याच कारणाने सावधपणे घ्यावे लागतात. पाठ मोडणे हे ज्या झुंजीचे ध्येय, तिचा डाव पाठ टेकवणाऱ्या झुंजीत जसाच्या तसा बसत नाही.

व्यायामविषयक ग्रंथांत मल्लयुद्धाचे चार प्रकार सांगण्याची रीत आहे: कौशल्याचे हनुमंती, आवळून जखडण्याचे जांबुवंती, अवयव मोडण्याचे जरासंधी आणि निव्वळ बळाचे भीमसेनी. तालमींचा इतिहास म्हणून ही विभागणी कितपत टिकेल याविषयी शंका घेण्यास जागा आहे. ती आखाड्यापेक्षा पुराणकथेतून घडलेली वाटते. परंतु साहित्याच्या अभ्यासकाने तिला निरुपयोगी समजू नये. स्यमंतक मण्यासाठी कृष्णाशी झुंजलेला जांबवान शेवटी शरण जातो, जरासंध दुभंगतो. ज्या कोणी ही नावे दिली त्याने प्रत्येक प्रकाराला अशी कथा निवडली, की तिच्यात त्या प्रकाराचा शेवट आधीच सांगितलेला आहे. शरणागती आणि अंगभंग हे दोन निराळे अंत आहेत, हे त्याला स्वच्छ दिसत होते. आधुनिक भाषांतरकाराला ते तितके दिसत नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

विसाव्या शतकात मराठी कुस्तीलाच आपले उत्तर बदलण्याची पाळी आली. युरोपच्या १९०२ मधील दौऱ्यात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून आल्यावर शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले. १९१२ मध्ये ते खुले झाले आणि गामाचा भाऊ इमामबक्ष तेथे लढला. ही चीतपट कुस्तीची राजधानी. तिच्याच परिसरात वाढलेले, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हा गादीची त्यांना सवय नव्हती. रीस गार्डनर या अमेरिकन मार्गदर्शकाच्या हाताखाली त्यांनी ती ओळख करून घेतली आणि सहावे स्थान मिळवले. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या गटाचे सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशी यांना मिळाले आणि त्यांच्याशी खाशाबांची लढत पंचांच्या निर्णयावर थोडक्यात गेली. इशी मूळचे जूदोपटू होते. युद्धोत्तर जपानात जूदोवर निर्बंध आल्यावर ते कुस्तीकडे वळले होते. म्हणजे त्या गादीवर मातीतला मराठी मल्ल आणि अंगरख्याच्या पकडीत वाढलेला जपानी मल्ल हे दोघेही परभाषेत बोलत होते. पुढे १९६२ मध्ये जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत गणपत आंदळकर व मारुती माने यांनी मुक्त आणि ग्रीको-रोमन अशा दोन्ही प्रकारांत पदके मिळवली. ग्रीको-रोमनमध्ये कंबरेखाली पकड वर्ज्य असते. पट काढण्यावर पोसलेल्या मल्लाला हे अर्धे अंग गमावण्यासारखे. (या पद्धतीत ग्रीक वा रोमन असे नावापलीकडे फारसे काही नाही, ती एकोणिसाव्या शतकातील फ्रान्सची निर्मिती आहे.)

महाराष्ट्राने या दोन भाषांपैकी एकीचा त्याग केला नाही. १९६१ पासून दिल्या जाणाऱ्या ‘महाराष्ट्र केसरी’ किताबासाठी माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोहोंचे विजेते अखेर एकमेकांशी लढतात. ही तडजोड वरवर सुखाची दिसते. गादीवर पट काढला, मागे गेले, भारंदाजाने फिरवले की गुण मिळतात. मुक्त प्रकारात दहा गुणांची आघाडी झाली तर खांदे न टेकताही लढत संपते, आणि तीन-तीन मिनिटांचे दोन डाव संपले की ज्याचे गुण अधिक तो जिंकतो. फडावरचा जुना प्रेक्षक अशा विजयाला मनापासून विजय मानत नाही. त्याच्या लेखी कुस्ती ‘निकाली’ तरी होते, नाहीतर ‘बरोबरीत’ सोडवली जाते. ‘गुणांवर जिंकला’ या शब्दांत त्याला कबुलीचा सूर ऐकू येतो. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथील स्पर्धेत गादी विभागाच्या निर्णायक लढतीत पंचांनी चीत जाहीर केली आणि पराभूत ठरवलेल्या मल्लाच्या बाजूने दोन्ही खांदे टेकलेच नव्हते असा आक्षेप आला; प्रकरण हातघाईवर गेले आणि पुढे शिक्षा झाल्या. वादाचे शिष्टाचार काहीही असोत, त्याचा विषय लक्षणीय आहे. गुण, घड्याळ आणि चित्रफीत हाताशी असताना भांडण झाले ते खांद्याच्या पात्यावरून.

परिभाषेतही हीच ओढाताण चालू आहे. वर्तमानपत्रांतील वृत्तांतांत आता ‘एकेरी पट काढून दोन गुण वसूल केले’, ‘भारंदाज डावावर आघाडी घेतली’ अशी वाक्ये रुळली आहेत. डावाचे नाव मातीतले, त्याचा हिशेब गादीवरचा. रायपूरकडच्या नागपंचमीच्या दंगलीत आणि कोल्हापूरच्या मैदानात लांब अंतरावरचा प्रेक्षक अजूनही एकाच गोष्टीची वाट पाहतो, आणि ती घडली की पंचाची शिट्टी वाजण्याआधीच आरोळी उठते.